सुरुंगशोधक आला, सुटे भाग कुठून?

तमिळनाडूतून पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की श्रीलंकेतले जाफना. 2009 मध्ये श्रीलंकेतले यादवी युद्ध संपल्यावर भारताच्या खर्चाने माजी सैनिकांची पथके उत्तर श्रीलंकेत भूसुरुंग काढायला गेली.

हातातला शोधक धातू जवळ येताच आवाज करतो. तमिळ बंडखोर संघटना एलटीटीईच्या काही सुरुंगांत धातू जेमतेम. म्हणून गंजक्या खिळ्याच्या आवाजावरही माती जपूनच खरवडावी लागते. मोठ्या यंत्रांच्या फिरत्या साखळ्या जमीन झोडपतात आणि स्वतः झिजतात.

यंत्र देणगीत मिळते. बॅटऱ्या, साखळ्या, दुरुस्ती आणि पगार मात्र वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच सुरुंग काढणारी ‘डॅश’सारखी स्थानिक संस्था मोलाची. सुरुंग काढून संपवण्याची श्रीलंकेची मुदत 2028 पर्यंत आहे. मदत देतानाच सुटे भाग आणि स्थानिक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांसाठी पैसा राखून ठेवायलाच हवा.