तक्रार कुणाकडे करायची?

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्राचा विषय असलेला प्रसंग मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडला होता. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी आणि तिच्यावरच्या बलात्काराचे आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, तेव्हा तिची ना नव्हती, असा एकूण रोख. धाकापुढे गप्प राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हे उच्च न्यायालयाला कळलं होतं. मग सर्वोच्च न्यायालयाला का कळू नये, असा या चौघांचा सवाल होता.

त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणतात तो हाच. पत्र हातोहात फिरलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं. पीडितेची ओळख छापायची नाही, हेही तेव्हाच आलं.

विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसांनी सर्वोच्च न्यायालयाला जाब विचारावा, ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्याच सुमारास त्यांच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला गाइडने त्रास दिला असता तर तिने जायचं कुठे? विभागप्रमुखाकडे गेली तर तो गाइडचा वीस वर्षांचा सहकारी. वॉर्डनकडे गेली तर ‘वाच्यता करू नकोस, तुझंच नाव खराब होईल’. घरी सांगितलं तर शिक्षणच बंद. तेव्हा एकच यंत्रणा होती आणि ती सीनियर मुली चालवत: अमक्या सरांच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस, गेलीस तर दार उघडं ठेव. ही कुजबुज अनेकींना वाचवून गेली असेल, पण सरांचं त्यात काहीच बिघडत नसे.

पुढची हालचाल मात्र विद्यापीठाबाहेरून झाली. राजस्थानातल्या भटेरी गावच्या ‘साथिन’, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमाच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवी बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल लागला. खंडपीठात सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्यासोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश राहिलेल्या सुजाता मनोहर होत्या. कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, तिच्या प्रमुखपदी बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा हवा. आजही आपल्याकडच्या कॉलेजांत कायद्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, ‘विशाखा समिती’ म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळतं. तिच्याकडे जायचं की नाही, हा प्रश्न निराळा.

तो प्रश्न सगळ्यात आधी ओळखला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने. १९९९ मध्ये तिथे ‘जीएसकॅश’ नावाची समिती सुरू झाली. कुलगुरूंच्या मर्जीतल्या चार बायका नेमून मोकळं व्हायचं, असा तिचा घाट नव्हता. विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे, कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी तिच्यावर निवडून येत. विद्यार्थी प्रतिनिधीसाठी उभं राहणाऱ्या उमेदवाराला प्रचार करावा लागे, हॉस्टेलच्या मेसमध्ये येऊन बोलावं लागे, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. तक्रारीची गोपनीयता कशी राखणार? तुमच्याच संघटनेच्या पोरावर तक्रार आली तर काय करणार? लैंगिक छळ म्हणजे काय, संमती कशाला म्हणतात, हे दरवर्षी नव्याने आलेल्या मुलामुलींच्या कानांवर निवडणुकीच्या गदारोळात पडायचं. जनजागृतीचं सप्ताह-पंधरवड्यांपेक्षा मोठं काम ही निवडणूक करत होती, असं माझं मत आहे. समितीत उणिवा नव्हत्या असं नाही. राजकारण होतं, दिरंगाईही असणार. पण दार ठोठावलं तर आत आपण मत दिलेलं कुणीतरी बसलेलं आहे, एवढी खात्री तिथल्या मुलीला होती. दिल्ली विद्यापीठाने २००४ मध्ये स्वतःचा नियम केला, त्याच्याही मागे विद्यार्थिनी आणि शिक्षिकांचा वर्षानुवर्षांचा रेटा होता.

बाकी देशात शुकशुकाट. विशाखा निकाल कागदावरच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं ते पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा, हा २००४ मधला महत्त्वाचा आदेश त्यातूनच निघाला. नाहीतर बाईने समितीपुढे एकदा आणि खातेचौकशीत दुसऱ्यांदा तेच सगळं सांगायचं, असा प्रकार होता. अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी आला आणि दोनच महिन्यांनी १६ डिसेंबर उजाडला.

दिल्लीतल्या बसमधल्या सामूहिक बलात्काराच्या त्या रात्रीनंतर जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. विशाखा निकालाचे तेच वर्मा पुन्हा कामाला लागले आणि त्यांच्या समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. त्याच धामधुमीत विद्यापीठ अनुदान आयोगाने एक कृती गट नेमला, त्याचा ‘सक्षम’ नावाचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर पाळत ठेवू नका, त्यांच्या येण्याजाण्यावर जादा बंधनं घालू नका, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. अहवाल सगळ्या विद्यापीठांना गेला. किती कुलगुरूंनी ते पान उलटलं, याचा अंदाज पुढच्या पाच वर्षांवरून बांधता येतो.

सप्टेंबर २०१४, जादवपूर विद्यापीठ. महोत्सवाच्या वेळी एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाल्याची तक्रार होती, चौकशी नीट व्हावी म्हणून मुलं धरणं धरून बसली होती. कुलगुरूंना घेराव पडला तसे मध्यरात्री आवारात पोलीस आले आणि मुलांना फरफटत नेलं. ‘होक कलरव’ (होऊ दे गलबला) म्हणत कोलकात्यात भर पावसात विद्यार्थ्यांचा लोंढा रस्त्यावर आला. जानेवारीत कुलगुरूंना जावं लागलं. २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ आंदोलन सुरू झालं ते हॉस्टेलच्या वेळेवरून. मुलांच्या हॉस्टेलला कुलूप नाही, मुलींच्या हॉस्टेलला संध्याकाळीच आहे. मग लायब्ररी रात्री उघडी ठेवून उपयोग कुणाला? सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची संध्याकाळी आवारातच छेड काढली गेली, आणि दाद मागितल्यावर तू या वेळी बाहेर काय करत होतीस, असं तिलाच ऐकावं लागल्याचं तिच्या मैत्रिणींचं म्हणणं होतं. मुली सिंहद्वारापाशी बसल्या. मागण्या तरी काय, रस्त्यावर दिवे लावा, पहारेकरी नेमा, तक्रारीची दखल घ्या. २३ तारखेच्या रात्री लाठीमार झाला. त्यानंतर कुलगुरू रजेवर गेले आणि त्या विद्यापीठाला पहिल्यांदा बाई मुख्य प्रॉक्टर मिळाली.

त्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, जेएनयूच्या कार्यकारी परिषदेने जीएसकॅश बरखास्त करून अंतर्गत तक्रार समिती आणली. सबब कायद्याची: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि आयोगाचे नवे नियम पाळायचे आहेत. मला ती सबब पटलेली नाही. मे २०१६ मध्ये राजपत्रात आलेल्या त्याच नियमांत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर तीन विद्यार्थी हवेत, एक पदवीचा, एक पदव्युत्तर आणि एक संशोधक, आणि तिघे पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून यावेत, असं लिहिलेलं आहे. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशांनी समितीवर बसू नये, असंही आहे. म्हणजे आयोगाचा नियम जीएसकॅशच्या वाटेनेच चालला होता. ज्या विद्यापीठाने ती वाट पाडली तिथेच ती बुजवली गेली. या सगळ्या काळातलं सर्वांत वाईट पाऊल कोणतं, असं विचारलं तर मी याकडेच बोट दाखवेन.

महिनाभरानंतर, ऑक्टोबर २०१७ मध्ये, राया सरकार यांनी छळ करणाऱ्या प्राध्यापकांची एक यादी समाजमाध्यमावर टाकली. विद्यार्थिनींनी कळवलेली नावं, सोबत तपशील बहुतेक ठिकाणी नाहीच. स्त्रीवादी चळवळीतच दोन तट पडले. थोरल्यांनी म्हटलं, ना तक्रार, ना बाजू मांडायची संधी, हे न्यायाला धरून नाही. धाकट्यांनी विचारलं, तुमच्या समित्यांनी आजवर काय दिलं? मला थोरल्यांचा मुद्दा मान्य आहे आणि धाकट्यांच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. सीनियर मुलींची जुनी कुजबुजच इथे चव्हाट्यावर आली होती.

समितीने काम करायचं ठरवलं तरी ते नीट करावं लागतं, हे गोव्याने दाखवलं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने दोषी धरलं, विद्यापीठाने बडतर्फ केलं, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं. चौकशी इतकी घाईत उरकली होती की विभागप्रमुखाला बचावाची पुरेशी संधीच मिळाली नाही. समितीने पुन्हा चौकशी करावी, असा आदेश झाला. चौदा वर्षं! २००९ मध्ये एम.ए. करणारी मुलगी एव्हाना चाळिशीला टेकलेली असेल. तिला पुन्हा बोलावून काय विचारायचं? न्यायालयाने त्याच निकालात देशभर समित्या आहेत की नाहीत हे तपासायला सांगितलं आणि सदस्यांच्या प्रशिक्षणावर जोर दिला. तो जोर रास्तच होता. चौकशी चालवणं हे कसबाचं काम आहे. सहा प्रतींत तक्रार घ्यायची, सात दिवसांत एक प्रत समोरच्याला पोचवायची, त्याला उत्तराला दहा दिवस द्यायचे, नव्वद दिवसांत चौकशी संपवायची, आणि हे सगळं रसायनशास्त्राच्या मॅडमनी दिवसाला चार लेक्चरं आणि ‘नॅक’च्या फायली सांभाळून करायचं. त्यांना दोष तरी किती द्यायचा?

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्युटीवरच्या डॉक्टर विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा महाराष्ट्रातले ‘मार्ड’चे निवासी डॉक्टरही संपावर गेले. एफआयआर रात्री उशिरा का नोंदवला, असं सर्वोच्च न्यायालयाने खडसावून विचारलं. पश्चिम बंगाल सरकारने सुरक्षेचे उपाय जाहीर केले त्यात एक कलम होतं, शक्य असेल तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ते काढायला लावलं. सुरक्षा पुरवणं तुमचं काम आहे, बायकांनी रात्री काम करू नये असं म्हणता कसं, असा त्यांचा प्रश्न. पण कुलूप शोधायची सवय इतक्या वरपर्यंत गेलेली होती.

डिसेंबरात चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात विद्यार्थिनीवर अत्याचार झाला आणि तिची ओळख उघड करणारा एफआयआरच ऑनलाइन फुटला. ओळख लपवायचं कलम १९८३ चं. आरोपीला जून २०२५ मध्ये जन्मठेप झाली, हा खटला तरी झटपट चालला. पुढच्याच महिन्यात ओडिशात बालासोरच्या फकीर मोहन कॉलेजात बी.एड. करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार दिली होती. कारवाई होत नाही म्हणून १२ जुलैला तिने कॉलेजच्या आवारात स्वतःला पेटवून घेतलं. १४ तारखेला ती गेली. तिने पेटवून घेतल्यावर विभागप्रमुखालाही अटक झाली आणि प्राचार्यांनाही. कायदा तिला माहीत होता. तक्रार लेखी होती. जाणीव-जागृतीचे जे कार्यक्रम आपण करतो त्यांतून मुलींनी जे शिकावं असं आपल्याला वाटतं, ते सगळं तिने केलं होतं.

आपल्या राज्यात आयोगाचा तो निवडणुकीचा नियम कसा पाळला जातो? महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका १९९४ पासून बंद आहेत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचं ठरवलं, आणि त्यानंतरही त्या पुढेच ढकलल्या जात आहेत. मतपेटी ठेवायची कुठे हेच ठाऊक नसलेल्या कॉलेजात समितीवरची तीन मुलं लोकशाही पद्धतीने निवडून यायची कशी? ती येतात प्राचार्यांच्या केबिनमधून. एनएसएसच्या शिबिरात चमकलेली, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केलेली, हजेरी पूर्ण असलेली. गुणी असतात बिचारी. पण तक्रार इतिहासाच्या सरांवर असेल आणि तेच सर त्यांचे इंटर्नलचे मार्क भरत असतील, तर त्यांनी बैठकीत काय बोलावं?