जुनी शिडाची होडी घेताना: पाणी कुठे मुरतंय?

गेल्या चतुर्थीला घरी आलेल्या पाहुण्यांपैकी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. जुनी शिडाची होडी घ्यायची झाली तर काय काय बघावे? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला नसता. मग दिवाडीच्या गोदीत बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे २०१० साली एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. २०१३ साली अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता जाऊन आले. २०१८ साली 'तारिणी'वरच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघून गोव्यातच परतल्या. आता आपल्या घरांतली मुलेही मांडवीच्या पुलावरून जाताना खाली नांगरलेल्या होड्यांकडे वळून बघतात.

नवी होडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असते. मिळते ती तीस-चाळीस वर्षांची, फायबरची, तीस ते अडतीस फुटांची, आत झोपायला जागा, शेगडी, शौचकूप आणि एक छोटे डिझेल इंजिन असलेली. अशा होडीतून चार माणसे आठवडाभर किनाऱ्याने फिरून येऊ शकतात. पण चार माणसे तिच्यावर जीव टाकून बसतात, म्हणून ती कशी बघायची ते नीट सांगतो.

मी ३१ वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आणि तरीही पहिल्याच खेपेला चुकलो. ती चूक आधी सांगतो. माझ्या भाच्याने तेहतीस फुटी होडी पसंत केली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा बघून घ्या, तुम्ही हो म्हणालात तरच पैसे देतो." मी गेलो. इंजिनापाशी दोन तास बसलो, कारण मला इंजिन कळते. डेकवर दहा मिनिटे फिरलो. आत कपाटाच्या मागच्या प्लायवर तपकिरी ओघळ दिसला, तेव्हा "जुने लाकूड आहे, चालायचेच" असे मीच म्हणालो. डिसेंबरमधल्या तिसऱ्या सफरीत, दुपारी वायव्येचा वारा चढल्यावर, आग्वादच्या बाहेर डोलकाठी आडवी झाली. भाच्याची बायको जिथे बसली होती तिथून दोन फुटांवर ती पडली. कुणाला लागले नाही. एका मासेमारी ट्रॉलरने आम्हाला ओढून आणले.

नंतर उघडून पाहिले. डोलकाठी दोन्ही बाजूंनी तारांनी ताणून धरलेली असते, आणि त्या तारा डेकमधून खाली गेलेल्या पोलादी पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. त्या पट्टीला चेनप्लेट म्हणतात. वाऱ्याकडच्या बाजूची चेनप्लेट तुटली होती, नेमकी डेकच्या जाडीत, जिथे ती डोळ्यांना दिसत नाही. तुटलेल्या तोंडाचा बहुतेक भाग काळपट, जुना होता. चकाकणारा, म्हणजे त्या दिवशी तुटलेला भाग करंगळीच्या नखाएवढा. आणि ती पट्टी आत जिथे उतरते तिथेच तो प्लायवरचा ओघळ होता.

आपल्याकडे संशय आला की "कुठेतरी पाणी मुरतंय" म्हणतात. होडीच्या बाबतीत हे शब्दशः घ्यायचे. नवशिका माणूस खालच्या समुद्राला घाबरतो. पण होडीचा तळ समुद्रासाठीच बांधलेला असतो. जुनी होडी सहसा वरून, पावसाने खराब होते. डेकवर शेकडो भोके असतात: कठड्याचे खांब, दोर ओढायच्या चरख्या, खिडक्या, चेनप्लेट. प्रत्येक भोकात भरलेला मसाला काही वर्षांनी सुकतो, आकसतो आणि वाट मोकळी होते. बहुतेक होड्यांचा डेक म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड. खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला फारसे मानवत नाही, पावसाचे गोडे पाणी मात्र छान मानवते. वरून रंग लखलखीत, मध्ये शेणासारखा लगदा, अशी होडी मी पाहिली आहे.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. मडके वाजवून घ्यावे तशी होडी वाजवून घ्यायची. प्लास्टिकच्या लहान हातोडीने किंवा पेचकसाच्या मुठीने डेकवर वीत-वीत अंतरावर टकटक करत जायचे. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, भिजलेल्या जागी बद्द. बद्द आवाज कुठून कुठवर येतो ते खडूने आखा. तळहाताएवढे एक-दोन डाग असतील तर घासाघीस करून घेता येते. डोलकाठीच्या भोवती किंवा चेनप्लेटच्या रांगेत सलग पट्टा निघाला तर हात जोडून परत या. मग अनवाणी चाला, पायाखाली दबते का ते पायाला आधी कळते. आणि आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात नाकाला काय वाटते ते लक्षात ठेवा, कारण दहा मिनिटांत वास सवयीचा होतो.

विकणारे म्हणतात, दिवाळीनंतर या, होडी पॉलिश करून ठेवतो. तुम्ही श्रावणात जा. आपल्याकडे त्या दिवसांत होड्या निळ्या ताडपत्रीखाली किनाऱ्यावर असतात. मालकाच्या परवानगीने ताडपत्री काढा आणि एक सर पडू द्या. उन्हाळ्यातच जावे लागले तर पाण्याचा पाइप लावून डेक अर्धा तास भिजवा, आणि दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन आत कपाटे उघडून बसवा. जो मालक यालाही नाही म्हणतो त्याचे उत्तर तुम्हाला मिळाले.

चेनप्लेटबद्दल आणखी थोडे. स्टेनलेस स्टील गंजत नाही अशी आपली समजूत, कारण घरातली भांडी गंजत नाहीत. स्टेनलेसवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो आणि तो टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. डेकच्या जाडीत, ओल्या मसाल्यात अडकलेल्या पट्टीला पाणी मिळते, हवा मिळत नाही. तिथे गंज फटीतून आत पोखरत जातो आणि बाहेरचा भाग आरशासारखा राहतो. म्हणून किमान एक चेनप्लेट, सगळ्यात संशयास्पद वाटेल ती, उपसून दाखवायला सांगा. तारांचे वय विचारा आणि बिल मागा. दहा-पंधरा वर्षांनंतर त्या बदलायच्याच, मग दिसायला कशाही असोत. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, एखादा धागा तुटलेला असेल तर कापूस अडकतो. तारेच्या टोकाला जी नळी दाबून बसवलेली असते तिच्यावर भिंगातून केसाएवढी चीर शोधा.

यानंतर होडी पाण्याबाहेर काढूनच बघायची. पाण्यात तरंगणारी होडी घेणे म्हणजे मुखवटा घातलेल्या वराला मुलगी देणे. खर्च ग्राहकाने करायचा असतो, आणि तो वाचवू नये.

तळाला फोड दिसले तर घाबरून जाऊ नका. जुन्या फायबरमध्ये वर्षानुवर्षे पाणी झिरपून असे फोड येतात. त्यांनी होडी बुडाल्याचे सहसा होत नाही, पण ते खरवडून, सुकवून पुन्हा थर चढवण्याचा खर्च मोठा असतो. किंमत पाडायला ते चांगले कारण आहे.

कीलपाशी मात्र घाबरावे. आपल्या जुन्या लाकडी होड्यांत कील, म्हणजे पठाण, होडीचाच कणा असतो. या फायबरच्या होड्यांपैकी बऱ्याच होड्यांत ते शिशाचे किंवा ओतीव लोखंडाचे वेगळे वजन असते आणि तळाला बोल्टांनी जोडलेले असते. होडी खडकावर आपटली की कीलची खालची बाजू मागे ढकलली जाते, पुढचा सांधा उघडतो आणि मागच्या टोकाशी तळ वर दाबला जातो. २०१४ च्या मे महिन्यात अटलांटिक महासागरात 'चीकी राफिकी' नावाच्या चाळीस फुटी होडीची कील निखळली आणि चार ब्रिटिश खलाशी गेले. ती होडी जेमतेम आठ वर्षांची होती. सरकारी चौकशीत पूर्वी तळ टेकल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांचा संबंध पुढे आला. म्हणून बाहेरून सांध्यात पुढच्या बाजूला हसल्यासारखी चीर आहे का बघा. आतून तळाच्या फळ्या उचलून कीलच्या मागच्या टोकाजवळच्या आडव्या आधारांवर चिरा, नवा रंग किंवा ताजे फायबर आहे का बघा. बोल्टांच्या भोवती गंजाचे पाणी दिसले तर ते का, हे कळल्याशिवाय पुढे जायचे नाही. आणि मालकाला सरळ विचारा: ही कधी टेकली होती? मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, कधीच टेकली नाही असे ठामपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सुकाणूचे पाते हलवून बघा, खडखडते का ते. होडी वर काढल्यावर दुसऱ्या दिवशीही त्यातून तपकिरी पाणी ठिबकत असेल तर आतले लोखंड गंजते आहे. तळाला जिथे जिथे पाणी आत-बाहेर जायला भोक आहे तिथे एक व्हॉल्व असतो. प्रत्येक व्हॉल्व हाताने उघडून-बंद करा. मग धातू जरा खरवडा. पिवळाधमक निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर त्यातले जस्त समुद्राने खाल्ले आणि उरले ते सच्छिद्र तांबे. असा व्हॉल्व एखाद्या दिवशी हातात येतो आणि अंगठ्याएवढ्या भोकातून होडी भरते.

इंजिन माझा विषय, पण त्यावर मुद्दाम कमी लिहितो, कारण इंजिन बदलता येते. जायच्या आधी ते सुरू करू नका असे मालकाला सांगा, आणि पोहोचताच इंजिनावर हात ठेवून थंड असल्याची खात्री करा. गरम इंजिन कुणाचेही सुरू होते. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर बोजा जास्त आहे, पांढरा टिकून राहिला तर पाणी आत जात असेल किंवा दाब कमी असेल. धक्क्याला बांधून गिअर टाकून वीस मिनिटे चालवा आणि तापमान बघा. "फक्त चारशे तास चाललंय" ही मला तरी जाहिरात वाटत नाही, होडीची इंजिने चालून मरतात त्यापेक्षा उभी राहून जास्त मरतात.

गॅसकडे मात्र घरातल्या बायकांना बघू द्या, त्यांचे लक्ष बरोबर जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारातून निघून जाऊ शकतो, होडीत तो तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळाचे भोक थेट बाहेर उघडणारे हवे.

शिडांची शिवण नखाने खरवडा, उन्हाने आधी दोरा मरतो. बाकी पडदे, गाद्या, दिशादर्शक स्क्रीन यांवर भाळू नका.

कागद शेवटी सांगतो, पण पैसे देण्याआधी बघायचे. गोव्यातल्या नोंदणीची चौकशी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात करावी. परदेशी झेंड्याची होडी असेल तर ती कायमची आयात झाली आहे का आणि कस्टम्सचा कर भरल्याची पावती आहे का, हे आधी पाहा. पावती नसेल तर स्वस्तात मिळालेली होडी फार महाग पडते. होडीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. ज्यांची मुले इंग्लंडमध्ये होडी बघत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, तिथे साधारण दहा टक्के अनामत देऊन, तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, असा करार करण्याची रीत आहे. तीच अट इथेही कागदावर घालून घ्या. तपासनीस तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि किंमत ठरवताना तिच्या एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा, हा माझा आपला हिशेब.

भाच्याने ती होडी दुरुस्त करून घेतली, सगळ्या चेनप्लेट नव्या बसवल्या आणि पुढच्या मोसमात बायकोला घेऊन मालवणपर्यंत जाऊन आला. मागच्या महिन्यात तो मित्रासाठी शापोरा नदीत एक होडी बघायला गेला होता. मालकाने आतली प्लायची पट्टी काढू दिली नाही. तो हातोडी पिशवीत टाकून परत आला, आणि रात्री फोन करून म्हणाला, "मामा, तिथेही ओघळ होता."