रात्रीचे बोलावणे कोणी घ्यावे?

श्रोतेहो, कामगार चळवळीतील माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे मंडळी धरून चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जागरणाविषयी. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा काही चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी काही तरुण डेव्हलपर आमच्याकडे आले. कंपनीने त्यांना सांगितले होते, की यापुढे प्रत्येकाने पाळीपाळीने आठवडाभर फोन उशाशी ठेवून झोपावे. "हे आम्ही मान्य करावे का?" असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या तोंडी प्रथम आले ते 'मुळीच नाही'. पुढे ते उत्तर आम्ही बदलले. का बदलले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गोष्ट काय ती समजून घेऊ. बँकेचे व्यवहार, रेल्वेची तिकिटे, रुग्णालयांच्या नोंदी हे सर्व आज सर्व्हर नावाच्या यंत्रांवर अहोरात्र चालते. मध्यरात्री काही बिघडले, तर देखरेख करणारा प्रोग्रॅम आपण होऊन एखाद्याच्या फोनवर इशारा पाठवतो. त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याने उठून बिघाड निस्तरावयाचा. यालाच 'ऑन-कॉल' म्हणतात. पूर्वी हे काम बहुतेक ठिकाणी ऑपरेशन्स विभागाकडे असे. प्रोग्रॅम लिहिणारे निराळे, तो चालवणारे निराळे. लिहिणाऱ्याला शाबासकी मिळे नवे काही दिल्याबद्दल आणि चालवणाऱ्याला काही बंद न पडल्याबद्दल. एकाचे हित बदलात, दुसऱ्याचे स्थैर्यात. मग दोघांत भिंत उभी राहिली यात नवल ते काय?

ही भिंत पाडण्याच्या खटपटीला 'डेव्हऑप्स' हे नाव पडले. अॅमेझॉनचे व्हर्नर व्होगेल्स यांनी २००६ सालीच एका मुलाखतीत सांगितले होते, की त्यांच्याकडे जो प्रोग्रॅम बांधतो तोच तो चालवतो. २००९ साली फ्लिकर या छायाचित्रांच्या संस्थेतील जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी, दोन्ही विभाग एकदिलाने वागल्यास दिवसातून दहा वेळा बदल करूनही काम सुरळीत चालते, असे एका परिषदेत मांडले. त्याच वर्षी बेल्जियममधील गेंट शहरी पॅट्रिक डेबॉइस यांनी या विषयावर मेळावा भरवला आणि नाव रूढ झाले.

भिंत राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण पाहा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहाराच्या कंपनीत नवा प्रोग्रॅम आठांपैकी सातच सर्व्हरवर चढवला गेला होता. आठव्यावर जुनाच राहिला. बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत चाळीस कोटींहून अधिक डॉलरचे नुकसान झाले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. बाजार उघडण्यापूर्वी त्या यंत्रणेने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल पाठवले होते. पण ते इशारा म्हणून योजलेले नव्हते, आणि त्यांवर कोणी हालचाल केली नाही. यंत्र बोलले, ऐकण्याचे काम नेमून दिलेला कोणी नव्हता.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमचाच एक जुना प्रसंग आठवला. १९९३ साली आम्ही एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. तिथल्या एका प्रेसची तेलाची नळी अशा जागी बसवली होती, की धक्क्याधक्क्याने ती सैल होई, बेअरिंग तापे आणि मध्यरात्रीनंतर प्रेस थांबे. मग पहारेकरी सायकल मारीत आमच्या चाळीत येई. ड्रॉइंग ऑफिसातले लोक सकाळी येत. तोवर आम्ही नळी आवळून यंत्र चालू केलेले असे. त्यांच्या लेखी बिघाड झालेलाच नसे. लॉगबुकात आम्ही दर वेळी नोंद करीत होतो, पण ती वाचतो कोण? अखेर एका मॅनेजरने त्या ड्राफ्ट्समनला चार रात्री आमच्याबरोबर बसवले. दुसऱ्याच रात्री तो गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च घेऊन ती नळी पाहत होता. पंधरवड्यात नळीची जागा बदलली.

पण एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. प्रत्येक बोलावण्यामागे चार तासांचा ओव्हरटाइम आमच्या युनियनने मिळवला होता. नळी दुरुस्त झाली तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना हळहळ वाटली, आणि त्यांत आम्हीही होतो. बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटत होते ते त्याच पैशांतून. दुखणे मालकाचे आणि औषधाचे पैसे आम्हांला, अशी ती व्यवस्था होती. मग रोग बरा व्हावा असे कोणाला वाटणार? ही चूक कंपनीची नव्हती. करार आम्हीच केला होता.

या अनुभवावरून आम्ही त्या तरुणांना सांगितले: पाळी नाकारू नका, अटी लिहून घ्या. ज्याने लिहिले त्याची झोप मोडली म्हणजे दोष लवकर दुरुस्त होतो, हे खरे. पण दुरुस्तीचा अधिकार त्याच्या हाती असेल तरच. अधिकाराविना जागरण ही निव्वळ वेठ होय.

पहिली अट वेळेची. रात्री ज्याने बिघाड निस्तरला त्याला दिवसा त्याचे मूळ कारण दूर करण्यास सवड मिळाली पाहिजे. नवे काम त्यासाठी थांबले पाहिजे. गूगलमध्ये २००३ पासून बेन ट्रेनॉर यांनी उभारलेल्या पथकांचा नियम असा, की असल्या देखभालीत माणसाचा निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये. तो जाऊ लागला, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाच पाळीत परत घ्यावे.

दुसरी अट माणसांची. त्याच संस्थेच्या हिशेबाने एका ठिकाणच्या पथकात निदान आठ जण हवेत. एक मुख्य आणि एक मदतीला असे दोघे दर आठवड्याला धरले, तर प्रत्येकाची पाळी महिन्यातून एकदाच येते. बारा तासांच्या पाळीत दोनांहून अधिक प्रसंग येऊ नयेत, असेही ते म्हणतात. ज्या इशाऱ्यावर करण्यासारखे काही नसते, त्याने कोणाची झोप मोडू नये. ज्याच्या घरी तान्हे मूल वा आजारी माणूस आहे, त्याला पाळी बदलून मिळावी.

तिसरी अट मोबदल्याची. पैसे बोलावण्यांच्या संख्येवर घेऊ नका. सज्ज राहण्यासाठी घ्या, आणि रात्र मोडली तर सकाळची विश्रांती घ्या. फ्रान्सच्या कायद्यात अशा सज्जतेबद्दल पैसे किंवा विश्रांती देणे बंधनकारक आहे. बेल्जियमच्या एका अग्निशामक जवानाला घरी थांबून आठ मिनिटांत ठाण्यावर पोचावे लागे. २०१८ साली युरोपीय न्यायालयाने ते थांबणे कामाचाच वेळ ठरवले. घरचे प्रत्येक थांबणे काम ठरत नाही. बंधन किती कडक, यावर ते अवलंबून असते. पण झोपेवर बंधन आहे, हे तत्त्व मान्य झाले.

चौथी अट चौकशीची. बिघाडानंतर काय घडले ते सर्वांनी बसून लिहावे. पण त्या कागदाची 'कारणे दाखवा' नोटीस होता कामा नये. शिक्षेची भीती असली की माणूस खरे सांगत नाही, आणि खरे कळले नाही की तीच नळी पुन्हा सैल होते.

पाचवी अट जुन्या सोबत्यांची. डेव्हलपर पाळीत आले म्हणून ऑपरेशन्सच्या माणसांना घरी बसवू नये. भिंत पाडावयाची ती दोघांनी शेजारी बसावे म्हणून. एकाची खोली रिकामी करण्यासाठी नव्हे.

पाचांपैकी तीन अटी त्या कंपनीने मान्य केल्या. मोबदला आणि माणसांची संख्या यांवर बोलणी अजून चालू आहेत. मोबदल्याच्या बैठकीत एका तरुणाने, "दर बोलावण्यामागे दर ठरवू या, ते सोपे पडेल," असे सुचवले. त्याला आम्ही आमच्या तेलाच्या नळीची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने मसुद्यातली ती ओळ स्वतःच खोडली.