गुडघ्यांतील सुई

माझा एक भाचा, वय सत्तावीस, फौजदाराच्या शारीरिक परीक्षेसाठीं रोज पहांटे धांवत असे. जिना उतरतांना त्याचा उजवा गुडघा दुखूं लागला, व पांच महिने झाले तरी राहीना. परीक्षा महिन्यावर आलेली. एका दवाखान्यांत त्यास सांगण्यांत आलें, "सांध्यांत एक इंजेक्शन घ्या, आठ दिवसांत धांवाल." तो मजकडे येऊन म्हणाला, "मामा, घेऊं का?" मी वैद्य नव्हें, संस्कृताचा मास्तर, तेव्हां मीं एवढेंच विचारलें, "दुखतें कशानें, हें कोणी सांगितलें का?" त्याचा गुडघा कोणी हात लावूनहि पाहिला नव्हता!

गुडघ्याच्या एका दारुण सुजेस सुश्रुतानें 'क्रोष्टुकशीर्ष', म्हणजे कोल्ह्याचें डोकें, असें नांव दिलें आहे. तसा गुडघा ज्यानें पाहिला असेल त्यास ही उपमा तत्काळ पटेल. सांध्यांत टोंचण्याचें स्टेरॉइड हें मुख्यतः अशा दाहाचें औषध. अमेरिकेंतील जोसेफ हॉलंडर यांनीं त्याचे अनुभव १९५१ सालीं प्रसिद्ध केले, आणि आमवातानें सुजलेल्या सांध्यास त्यानें आजहि उतार पडतो. परंतु भाच्याच्या गुडघ्यास सूज मुळींच नव्हती. मग सुईनें शमवावयाचें तें काय?

शिवाय हा उतार बहुधा कांहीं आठवड्यांचाच असतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत संधिवाताच्या १४० रोग्यांपैकीं कांहींस दर तीन महिन्यांनीं, दोन वर्षेंपर्यंत, स्टेरॉइड टोंचलें व इतरांस नुसतें मिठाचें पाणी. वेदनेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. स्टेरॉइड घेणारांची कूर्चा मात्र अधिक झिजली. हे रोगी पंचेचाळिशीपुढील होते, हें खरें. पण ज्यास त्याच गुडघ्यावर आणखी पन्नास वर्षें चालावयाचें आहे, त्यानें ही गोष्ट अधिकच मनावर घ्यावी. मधुमेह्याची साखरहि या सुईनें कांहीं दिवस चढते.

दुसरें औषध हायल्युरॉनिक आम्लाचें. त्याचे कांहीं प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. शाकाहारी मंडळींनीं आधीं विचारून घ्यावें. तिसरा उपाय आपल्याच रक्तांतील बिंबाणूंचा. तो महाग आहे, आणि २०२१ सालच्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत, संधिवाताच्या २८८ वयस्क रोग्यांत, वर्षाअखेर वेदनेच्या बाबतींत तो मिठाच्या पाण्याहून सरस ठरला नाहीं.

शेवटीं एका अस्थितज्ज्ञांनीं भाच्यास बसवून, उठवून, पायरीवर चढउतार करावयास लावून पाहिलें. गुडघा अडकतो का, सुजतो का, सकाळीं आंखडतो का, हेंहि विचारलें. तसें असतें तर निराळ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. येथें दुखणें गुडघ्याच्या वाटीभोंवतालचें, तरुणांत नेहमीं आढळणारें निघालें. त्यावर सुई नाहींच. मांडीच्या व नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम, आणि धांवणें कमी करून हळूहळू वाढविणें.

तिसऱ्या महिन्यांत तो कठडा न धरतां जिना उतरूं लागला. त्या वर्षींची परीक्षा मात्र हुकली, आणि माझी बहीण त्याबद्दल अद्याप मजवर थोडी रुष्ट आहे.