परका अवयव आणि नळाचें पाणी

ता. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं एका भावाचें मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरांत बसविलें. दोघे एकरूप जुळे असल्यामुळें तें शरीरास परकें वाटलें नाहीं. इतरांच्या बाबतींत मात्र रक्तांतील रक्षक पेशी परक्या अवयवावर तुटून पडतात. म्हणून त्यांना औषधांनीं कायम निस्तेज ठेवावें लागतें. अवयव वांचतो खरा. पण पहारेकरी झोंपल्यावर चोरास दार मोकळें सांपडावें, तशी स्थिति होते.

असा एक चोर पाण्यांत राहतो. जुलै १९७६ मध्यें फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलांत 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संस्थेचें संमेलन भरलें होतें. त्यानंतर अनेकांना विलक्षण न्यूमोनिया होऊन सुमारें ३० माणसें दगावलीं. पुढील जानेवारींत डॉ. मॅकडेड व डॉ. शेपर्ड यांनीं त्याचा जंतु हुडकून काढला. त्यास 'लीजिओनेला' हें नांव मिळालें. १९७९ सालीं पिट्सबर्ग येथें मूत्रपिंडरोपण झालेल्या रोग्यांच्या फुफ्फुसांत याच कुळांतील दुसरा जंतु आढळल्याचें प्रसिद्ध झालें.

हा जंतु मूळचा गोड्या पाण्यांतील अमीबांच्या पोटांत वाढणारा. कोमट टांक्या व सांचलेल्या पाण्याचे नळ त्यास मानवतात. तुषारस्नानाच्या सूक्ष्म थेंबांबरोबर तो फुफ्फुसांत शिरतो. तेथील भक्षक पेशी त्यास गिळतात. परंतु अमीबाच्या पोटांत राहण्याची संवय असलेला हा पाहुणा तेथेंहि सुखानें वाढतो. निरोगी माणसांत दुसऱ्या रक्षक पेशी भक्षकांना चेतवितात व जंतु मरतो. रोपणानंतरचीं औषधें नेमक्या त्याच चेतविणाऱ्या पेशींना दडपतात.

हा रोग विरळा आहे, आणि विरळा म्हणूनच फसवा. पेनिसिलिन त्यावर चालत नाहीं. नेहमींच्या जंतुपरीक्षेंत तो उगवत नाहीं. त्यास कोळसा व लोह घातलेलें खास अन्न लागतें. वैद्याच्या मनांत शंका आली तरच शोध होतो. वेळेवर ओळखल्यास एझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन या औषधांनीं रोगी वांचूं शकतो.

म्हणून रोपण झालेल्या मनुष्यास ताप व खोकला आल्यास तो अंगावर काढूं नये. रुग्णालयांनींहि गरम पाण्याच्या टांक्या ६० अंश सेंटिग्रेडच्या खालीं येऊं देऊं नयेत व न वापरलेले नळ सोडून पाणी वाहतें ठेवावें. रोग्याच्या नाडीप्रमाणेंच त्याच्या पाण्याकडेहि लक्ष देणें, हा या शुश्रूषेचाच भाग आहे.