समूहगायन : वृद्धसेवेचे एक आवश्यक अंग

दीर्घकालीन शुश्रूषेत असलेल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी कोणी तिला उठवून बसवते, कोणी अंग पुसून देते, कोणी औषधे देते, कोणी घास भरवते. ही सेवा मायेने होत असली आणि तीत कोणतीही कसूर नसली, तरी तिचा ओघ एकाच दिशेने वाहत असतो. ज्या हातांनी पन्नास वर्षे संसार केला, शेती वा नोकरी सांभाळली, मुलांना वाढवले, त्या हातांना आता केवळ घेत राहावे लागते. आपण कोणाच्याही उपयोगी पडत नाही, ही जाणीव वार्धक्यातील औदासीन्य वाढवीत असते. रुग्णाच्या तक्त्यावर ताप, नाडी व रक्तदाब यांची नोंद होते. या जाणिवेची होत नाही.

समूहगायनाचा विचार येथून सुरू होतो. समूहात गाणारी व्यक्ती त्या अर्ध्या तासात काही घेते, तसेच काही देतेही. तिचा आवाज मिसळल्याने गाणे भरदार होते. तथापि हे मनोरंजन आहे की उपचार, आणि धर्मादाय निधीतून त्यासाठी खर्च करावा काय, असे प्रश्न विश्वस्तांना, देणगीदारांना व रुग्णांच्या आप्तांना पडणे स्वाभाविक आहे. त्यांचा विचार येथे थोडक्यात मांडीत आहोत.

गाताना काय घडते?

गाण्यासाठी माणूस ताठ बसतो, खोल श्वास घेतो आणि तो बोलण्यापेक्षा अधिक सावकाश सोडतो. यामुळे श्वासपटलास व छातीच्या स्नायूंना सौम्य व्यायाम घडतो. टाळी वा टाळ यांच्या ठेक्याने हातही हलतात.

याहून विलक्षण गोष्ट मेंदूसंबंधीची आहे. पक्षाघातामुळे ज्यांची वाचा गेली आहे, असे काही रुग्ण बोलू शकत नसतानाही ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणू शकतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ज्ञात आहे. स्मृतिभ्रंशातही असाच अनुभव येतो. जुन्या गाण्यांच्या स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा काही भाग अल्झायमरच्या विकारात तुलनेने कमी बाधित होतो, असे २०१५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणूनच मुलाचे नाव न आठवणारी आई पाठ असलेला अभंग म्हणू लागते, तेव्हा आप्तांनी तो चमत्कार समजू नये आणि आजवर ती विसरल्याचे सोंग करीत होती, असा गैरसमजही करून घेऊ नये.

बालपणी व तरुणपणी कानावर पडलेली गाणी सर्वांत खोल रुजतात. गीतरामायणाचे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झाले. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. गाण्यांची निवड करताना हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. कोणाच्या मनात जात्यावरच्या ओव्या असतील, कोणाच्या मनात हरिपाठ, कोणाच्या मनात नाट्यपदे, चित्रपटगीते वा चर्चमधील उपासनागीते. प्रत्येकाचे गाणे आप्तांकडून विचारून घ्यावे, हे उत्तम.

संशोधनाचा दाखला

इंग्लंडमधील केंट परगण्यात साठ वर्षांवरील २५८ व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून त्यांपैकी एका गटासाठी १४ आठवडे समूहगायन योजण्यात आले. तीन महिन्यांनी त्या गटातील चिंता व नैराश्य दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी आढळले. मानसिक आरोग्याशी निगडित जीवनमानातील फरक सहा महिन्यांनंतरही टिकून होता. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

ऑस्ट्रेलियातील निवासी वृद्धसेवा केंद्रांतील अभ्यास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. स्मृतिभ्रंश व नैराश्य ही दोन्ही लक्षणे असलेल्या ३१८ वृद्धांचा त्यात समावेश होता. समूहगायनात सहभागी झालेल्यांच्या नैराश्यात सहा महिन्यांनी नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत घट दिसली. २०२२ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट हेल्दी लॉन्जेविटी’ मध्ये प्रसिद्ध झाला.

आशा कशाची धरावी?

“गाण्याने आईची स्मृती परत येईल का?” असा प्रश्न आप्त विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांतील ३९० जणांचा अभ्यास झाला. समूहगायनाने त्यांचा एकाकीपणा कमी झाला व जीवनातील रस वाढला. परंतु स्मरणादी बौद्धिक क्षमता व शारीरिक क्षमता यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. गाणे हा स्मृतिभ्रंशावरील इलाज नव्हे, आणि त्यासाठी कोणतेही औषध बंद करू नये. मात्र आईची स्मृती परत आली नाही, तरी तिच्या शेजारी बसून तिच्यासोबत गाता येते. भेटीला आल्यावर काय बोलावे, हा पेच पडलेल्या मुलांसाठी व सुनांसाठी हा मोठा आधार आहे.

ध्वनिवर्धकापेक्षा माणूस हवा

सद्हेतूने दिलेल्या देणगीतून कक्षात ध्वनिवर्धक बसतो, सणासुदीस गायकांचा कार्यक्रम होतो. त्यांचा आनंद आहेच. परंतु त्यात वृद्ध पुन्हा केवळ श्रोते, म्हणजे घेणारेच राहतात. शिवाय ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर गाणे वृद्धांना बहुधा जमत नाही. वयानुसार आवाजाची पोहोच आकसते, स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. मूळ गाण्याची पट्टी त्यांना झेपत नाही आणि लयही गाठता येत नाही. पेटीवर बसलेला माणूस पट्टी दोन-तीन स्वर खाली आणतो, लय संथ करतो, एखाद्या आजींना शब्द आठवेपर्यंत धृपद पुन्हा घेतो. हे काम यंत्राकडून होत नाही.

म्हणून या उपक्रमाचा खरा खर्च साधनांचा नसून नियमितपणाचा आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच ओळखीची व्यक्ती, जुळलेली पेटी, मोठ्या टंकातील गीतांची पुस्तिका आणि अंथरुणावरील रुग्णांना खुर्चीत बसवून आणण्यासाठी पुरेसे सेवक, एवढ्याची तरतूद वर्षभर व्हावी लागते. ती मध्येच खंडित झाली, तर वाट पाहणाऱ्या वृद्धांच्या वाट्याला आणखी एक निराशा येते. आपल्या भजनी मंडळांची परंपरा येथे फार उपयोगी आहे. अशा मंडळांतील एखाद्या सदस्याने आठवड्यातील एक तास दिला, तर तो मोलाचा ठरतो.

काही पथ्ये

गाण्यासाठी आग्रह करू नये. ओठ हलवणे वा नुसते बसून राहणे हाही सहभागच आहे. एखाद्या गाण्याने दिवंगत जोडीदाराची आठवण येऊन डोळे भरून आल्यास गाणे थांबवावे आणि जवळ बसावे. गाताना तोंडात खाद्यपदार्थ नसावा. श्रवणयंत्र चालू असल्याची खात्री करावी. दम्याच्या वा हृदयविकाराच्या रुग्णांना धाप लागल्यास विश्रांती द्यावी. ताप वा खोकला असलेल्याने, मग तो पाहुणा असो की गायक, त्या दिवशी येऊ नये, आणि खोलीत हवा खेळती असावी. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावास जमलेल्या ६१ जणांपैकी एका आजारी व्यक्तीसह ५३ जणांना करोनाची बाधा झाली वा झाल्याचे मानले गेले, आणि दोघांचा मृत्यू झाला. हा धडा विसरता येणार नाही.

देणगीदारांनी निधी द्यावा, विश्वस्तांनी त्यास अंदाजपत्रकात कायमचे स्थान द्यावे आणि आप्तांनी आपल्या माणसाचे आवडते गाणे आम्हांस कळवावे, ही नम्र विनंती. शक्य असल्यास ते गाणे म्हणावयास स्वतःही यावे. सुरेल गळ्याची अट नाही.