मोहाच्या दारूची चव

धारणीच्या आसपास, मेळघाटच्या जंगलात, मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळतात. कोरकू कुटुंबे ती वेचून वाळवतात. मांसल पाकळ्यांत साखर भरपूर असते. भिजवलेल्या फुलांत यीस्ट तिचे अल्कोहोल करते. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधीच उकळते; म्हणून भट्टीतली पहिली धार सर्वांत कडक. ताज्या फुलांच्या वासात बासमतीची आठवण होते, ती उगीच नव्हे: दोन्हींत सुवासाचे एक संयुग सामाईक आहे. दारूत मात्र फुलाचा गोडवा उरत नाही, कारण साखर वाफेबरोबर जात नाही. उरतो तो उग्र दरवळ, कधी धुराची छटा. द्राक्षाच्या वाइनशी तिची तुलना चुकीचीच. वाइन आंबवण्यावर थांबते, ही पुढे गाळली जाते; जातीने ती ब्रँडीच्या जवळची.